चौपाटीवरचं विमान आणि मामाची कमेंट

पत्र

ताई, नमस्कार.

मी कराडजवळ एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लॉकडाऊनमध्ये मुलांसाठी यूट्यूबवर चॅनेल काढलं, ते पुढे चालूच राहिलं. बारावीची गणितं, प्रॅक्टिकलची तयारी असंच सगळं त्यावर असतं. अकरा हजार सबस्क्रायबर आहेत. दीड महिन्यापूर्वी मी जरा वेगळा व्हिडिओ टाकला. राईट बंधूंच्या ८ वर्षं आधी, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर पाऱ्यावर चालणारं विमान १,५०० फुटांपर्यंत उडवलं, असं सगळीकडे फिरतं ना, त्यावर. याला पुरावा नाही आणि पाऱ्यावर इंजिन चालूच शकत नाही, हे मी आकडेमोड करून दाखवलं. थंबनेलवर तळपद्यांच्या फोटोला विदूषकाचं लाल नाक लावलं आणि नाव दिलं, ‘चौपाटीवरची फेकाफेकी’.

व्हिडिओ जोरात चालला. हजारांवर कमेंट आल्या. एकीकडे मला देशद्रोही, धर्मद्वेष्टी, अमक्या पक्षाची पगारी म्हणणारे. दुसरीकडे माझ्या बाजूचे म्हणवणारे, समोर दिसेल त्याला अंधभक्त म्हणून हिणवणारे. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उत्तरं देत बसते. एका मोठ्या चॅनेलने ‘तळपदे की राईट?’ अशा लाइव्ह डिबेटचं आव्हान दिलंय. ‘कॉलेज कुठंय माहीत आहे,’ असंही एकाने लिहिलंय. प्राचार्यांनी बोलावून व्हिडिओ काढायला सांगितलं, तोंडी.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझा मामा. लाईनमन होता, आता रिटायर आहे. किटकॅट फ्यूजमध्ये तार कशी बांधायची हे मी चौथीत असताना त्याने शिकवलं. मी फिजिक्सकडे वळले ती त्याच्यामुळे. त्याने स्वतःच्या नावाने कमेंट केली, ‘बाळा, आपल्याच माणसाची टिंगल करून मोठं होता येत नाही.’ त्याखाली कोणीतरी लिहिलं, ‘काका, गोमूत्र भरा, विमान उडेल.’ मी रात्री एक वाजता भराभर हार्ट देत सुटले होते, त्यात या कमेंटलाही दिलं गेलं. मामाने ते पाहिलं. आता तो फोन उचलत नाही, घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलाय.

कमेंट बंद करू का? डिबेटला जाऊ का? व्हिडिओ काढू का? आणि मामाचं काय करू?

– एक शिक्षिका

उत्तर

अगं, आधी ते हार्ट काढ. एवढं वाक्य वाचलंस की फोन हातात घे, काढ आणि मग पुढचं वाच. ती गोमूत्राची कमेंटही उडव. आपल्या बाजूचा आहे म्हणून कोणाला तुझ्या मामाच्या वयाच्या माणसाशी असं बोलायची मुभा मिळत नाही. आणि तो तुझ्या बाजूचा आहे असं मला वाटतही नाही. त्याला तळपद्यांशी घेणंदेणं नाही आणि फिजिक्सशी तर नाहीच. त्याला कोणाची तरी जिरवायची होती आणि तुझ्या व्हिडिओखाली आयती जागा मिळाली.

आता मामाची कमेंट पुन्हा एकदा सावकाश वाच. विमान उडालं असं त्यात कुठे म्हटलंय? पारा नाही, वेद नाहीत, राईट बंधू नाहीत. आपल्या माणसाची टिंगल करू नकोस, एवढंच आहे. तू ती ‘विरोधातली’ म्हणून वाचलीस आणि बाकीच्यांच्या ढिगात टाकलीस. तुझा व्हिडिओ मी शोधून पाहिला, खालच्या कमेंटही बऱ्याच चाळल्या. त्यातल्या कितीतरी मामासारख्याच आहेत. लोक चिडलेत लाल नाकावर आणि तू त्यांना पाऱ्याची घनता सांगत बसली आहेस. ते आणखी चिडतात, तू आणखी आकडे देतेस आणि रात्रीचे दोन वाजतात. तुझ्या आकड्यांवर खरोखर बोलणारे लोक त्या गर्दीत मूठभर आहेत, आणि नेमक्या त्यांनाच तू नीट उत्तर दिलेलं नाहीस. त्याकडे येतेच.

थंबनेल आजच बदल, नावही बदल. ‘फेकाफेकी’ हा शब्द आपल्याकडे सध्या कोणाकोणाला उद्देशून वापरतात हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. राजकारण कमेंटवाल्यांनी आणलं अशी तुझी तक्रार आहे, पण पहिलं बोट तूच दाखवलंस.

चेष्टा करूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. आजच्या घडीला कॅमेऱ्यासमोर बसून, मागे ढोल-ताशा लावून १,५०० फुटांची कथा रंगवणारे जे लोक आहेत, त्यांची खुशाल कर. त्यांना उत्तर देता येतं, ते देतीलही. तळपद्यांना जाऊन शंभर वर्षं उलटली. व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर त्यांनी लिहिलेला नाही. १८९० च्या दशकातल्या मुंबईतला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी संबंध असलेला एक माणूस, हाताशी ना विद्यापीठाची प्रयोगशाळा ना सरकारी पैसा, आणि उडणाऱ्या यंत्राचा ध्यास घेतो. त्याच दशकात जर्मनीत ओटो लिलिएन्थाल ग्लायडर पाठीला लावून टेकडीवरून उड्या मारत होता आणि १८९६ मध्ये त्यातच पडून गेला. त्याच्या फोटोला कोणी लाल नाक लावत नाही. तळपद्यांचं यंत्र उडालं नसेल तर ते या अशा लोकांच्या रांगेत बसतात, आणि ती रांग काही लाज वाटावी अशी नाही. हे तू व्हिडिओत अर्ध्या मिनिटात म्हणू शकली असतीस. मामाला तेवढंच पुरलं असतं.

टिंगल न करता दावा कसा खोडायचा हे पाहायचंच असेल तर आपल्याकडचंच एक उदाहरण बघ. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये त्यावर एक निबंध छापला. त्यांनी काय केलं? ग्रंथ वाचला. तो कुठून आला याचा माग काढला. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तो सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला, आकृत्या बंगळुरातल्या एका ड्राफ्ट्समनने काढल्या, हे शोधून काढलं. संस्कृतची धाटणी तपासली. मग शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशी जी विमानं त्यात आहेत त्यांचे आकार आणि वजनं घेऊन वायुगतिशास्त्राची गणितं मांडली. निष्कर्ष अगदी स्पष्ट: ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि यातलं एकही विमान उडू शकत नाही. यापेक्षा कडक निकाल तूही दिलेला नाहीस. पण ग्रंथ मानणाऱ्या माणसाने तो निबंध वाचला तरी आपल्याला कोणी मूर्ख म्हणतंय असं त्याला वाटणार नाही, कारण हसण्याआधी त्यांनी वाचण्याचे कष्ट घेतले होते. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि गदारोळ झाला, तेव्हाही बोलण्यासारखं जे काही होतं ते चाळीस वर्षं आधीच छापून तयार होतं. फारच थोड्यांनी ते उघडून पाहिलं. दोन्हीकडच्या.

आता मामा. फोन करत बसू नकोस, जा. रविवारी एसटी पकड आणि जा. हार्ट चुकून गेलं हे सांग, पण त्यावर थांबू नकोस, कारण नाक काही चुकून लागलं नव्हतं. नाकाबद्दल माफी माग. दाव्याबद्दल मागू नकोस, तिथे तुझं बरोबर आहे.

त्याने विषय काढलाच तर त्याला शिकवायला जाऊ नकोस, विचार. लाईन बंद केलीय असं सबस्टेशनवरून कोणी सांगितलं म्हणून तो कधी तसाच खांबावर चढलाय का? सांगणारा साहेब असो की जिवलग मित्र, तो आधी परमिट घेणार, तारेला डिस्चार्ज रॉड लावणार, अर्थिंग करणार आणि मगच हात लावणार. त्यात सांगणाऱ्याचा अपमान नसतो. तळपद्यांच्या बाबतीत आपण नेमकं एवढंच मागतोय. १,५०० फूट म्हणजे पाच राजाबाई टॉवर एकावर एक ठेवले तरी त्याच्याही वर. मलबार हिलपासून फोर्टपर्यंत अख्ख्या मुंबईला दिसलं असतं. त्या मुंबईत तेव्हा टाइम्स होता, बॉम्बे गॅझेट होतं, इंदुप्रकाश, मुंबई समाचार, जामे जमशेद अशी नाना भाषांतली पत्रं निघत होती, आणि त्यांच्यात आपसांत चांगलीच चुरस होती. समोर न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड बसले होते असंही सांगतात. मग यांपैकी एका पत्राचा अंक, तारीख आणि पान दाखवा. ‘केसरीत आलं होतं’ एवढं पुरत नाही. कुठल्या मंगळवारच्या केसरीत, ते सांगा.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या व्हिडिओत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही कथा सांगणारे बहुतेक जण म्हणतात की ते यंत्र मानवविरहित होतं. तसं असेल तर राईटशी तुलनाच कुठे आली? राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला केलं ते माणूस बसवून, इंजिनाच्या जोरावर, ताब्यात ठेवून केलेलं उड्डाण. पहिलं १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याच दिवशी चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. माणूस न बसवता इंजिनावर उडालेलं यंत्र म्हणशील तर अमेरिकेतल्या सॅम्युएल लँग्लीने मे १८९६ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या इंजिनाचं एक उडवलं होतं, ते अर्ध्या मैलाहून जास्त गेलं. म्हणजे कथा आहे तशी शंभर टक्के खरी मानली, तरी तळपद्यांची शर्यत लँग्लीशी लागते. हे म्हटलं की ‘राईट विरुद्ध आपण’ या भांडणातली निम्मी हवा जाते, आणि कोणाचा अपमानही होत नाही.

आता त्या मूठभर लोकांकडे. एकाने लिहिलंय, ‘मॅडम, नासानेही पाऱ्याचं इंजिन वापरलंय, अभ्यास करा.’ त्याला तू हसण्याची इमोजी टाकून सोडून दिलंस. अगं, तो बरोबर बोलतोय! तू व्हिडिओत म्हणालीस की पाऱ्यावर इंजिन चालूच शकत नाही, आणि ते वाक्य चूक आहे. नासाने १९६४ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये पाऱ्यावर चालणारी आयन इंजिनं अवकाशात चालवून पाहिली. पाऱ्याचे अणू भारित करायचे आणि विजेच्या जोरावर मागे फेकायचे, अशी रीत. त्याच्याही आधी अमेरिकेत काही वीजकेंद्रांत पाऱ्याच्या वाफेवर टर्बाईन फिरत होती. (ही गोष्ट मामाला जरूर सांग, त्याच्या धंद्यातली आहे.) तेव्हा तुझं वाक्य असं हवं होतं: पाऱ्यावर इंजिन चालतं, पण ते चौपाटीवरून काहीही उचलू शकत नाही. १९७० च्या त्या इंजिनाचा रेटा जेमतेम ३ ग्रॅम वजनाइतका होता. रुपयाचं नाणं तळहातावर ठेवल्यावर जेवढा भार पडतो, तेवढाही नाही. अवकाशात हवा नाही आणि घाईही नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालवून त्याचा उपयोग होतो. जमिनीवर ते स्वतःचंच वजन उचलू शकणार नाही. आणि त्याला लागणारी वीज आणायची कुठून, हा प्रश्न वेगळाच.

ही कमेंट वर पिन कर. खाली त्याचे आभार मान, आपलं वाक्य चूक होतं असं सरळ लिही आणि नाण्याचा हिशोब दे. तुझ्या अख्ख्या व्हिडिओपेक्षा हे उत्तर जास्त कामाचं ठरेल. लिहिणारा बदलेल की नाही हे सोडून दे. ज्याने एकही कमेंट केली नाही आणि जो नुसता वाचतोय, तो बारावीचा पोरगा तुझा खरा वाचक आहे. बाई चूक दाखवल्यावर काय करतात, हे तो बघत असतो.

तू पिन करून ठेवलेली ‘येथे राजकारण नको’ ही सूचना मात्र काढून टाक. आधी कोण उडालं हा प्रश्न जगात कुठेही राजकारणावाचून सुटलेला नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने कितीतरी वर्षं राईटना त्यांचं श्रेय दिलं नाही, कारण लँग्ली या संस्थेचा प्रमुख होता. त्याचं माणूस बसवायचं यंत्र १९०३ मध्ये दोनदा पाण्यात पडलं होतं. तरी १९१४ मध्ये तेच बाहेर काढून, डागडुजी आणि बदल करून जेमतेम उडवलं आणि संस्थेने म्हटलं, बघा, उडण्याजोगं पहिलं यंत्र आमचंच. ऑर्व्हिल राईट इतका संतापला की त्याने आपलं मूळ विमान १९२८ मध्ये लंडनच्या म्युझियमकडे पाठवून दिलं. संस्थेने १९४२ मध्ये चूक कबूल केली, आणि विमान मायदेशी परत आलं ते १९४८ मध्ये, ऑर्व्हिल गेल्यानंतर. कनेक्टिकट राज्याने तर २०१३ मध्ये कायद्यातच लिहून टाकलं की पहिला मान त्यांच्याकडच्या गुस्ताव्ह व्हाईटहेडचा. ब्राझीलमध्ये जाऊन राईटचं नाव काढ, त्यांच्या सांतोस-दुमाँचं नाव ऐकल्याशिवाय तुला तिथून कोणी सोडणार नाही. तेव्हा आपलीच माणसं तेवढी भावनेच्या भरात बोलतात, असा जो सूर तुझ्या उत्तरांत लागलाय, तो बरा नाही. राजकारण बोलू दे लोकांना. शिवीगाळ आणि जातीधर्मावर जाणं बंद, एवढाच नियम ठेव आणि तो दोन्ही बाजूंना सारखा लाव. तुझ्याकडून बोलणाऱ्या दोघातिघांना पहिल्या दिवशीच बाहेर काढलंस, तर बाकीचे आपोआप सावध होतील.

कमेंट बंद करू नकोस. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ठरावीक शब्द असलेल्या कमेंट तपासणीसाठी रोखून धरता येतात. तिथे शिव्यांची यादी भर, पण देवनागरीतली, रोमनमधली आणि मधे टिंबं टाकून लिहिलेली, अशी सगळी रूपं भर. आपल्या लोकांची कल्पकता इथे ओसंडून वाहते. जो ऐकतच नाही त्याला चॅनेलवरून लपव. त्याला पत्ताही लागत नाही, तो लिहीत राहतो आणि ते कोणाला दिसत नाही. उत्तरं देण्याची वेळ ठरव, संध्याकाळी अर्धा तास. रात्री अकरानंतर एकही नाही, हार्टसुद्धा नाही.

‘कॉलेज कुठंय माहीत आहे’ ही कमेंट मात्र यात मोजू नकोस. ती पुसू नकोस, उत्तरही देऊ नकोस. तारीख, खातं आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट काढ, घरात एकाला दाखवून ठेव आणि पोलिस ठाण्यात जाऊन अर्ज दे. पुढे काही होवो न होवो, नोंद असू दे. घाबरून जायचं कारण नाही, पण हसण्यावारीही नेऊ नकोस.

लाइव्ह डिबेटला जाऊ नकोस. तू हरशील म्हणून नव्हे. तो विषयच असा लावलाय की त्यात जिंकण्याजोगं काही उरलेलं नाही. ‘तळपदे की राईट’ म्हटलं की तू पहिल्याच मिनिटाला परदेशी माणसाची वकील होतेस. शिवाय लाइव्हचं गणित वेगळं असतं. ‘दहा हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात सगळं आहे’ हे म्हणायला पाच सेकंद लागतात आणि ते खोडायला पाच मिनिटं. ती पाच मिनिटं तुला कोणी देत नाही. त्यात सुपरचॅट. पैसे भरून पाठवलेला प्रश्न वर चमकतो, निवेदक तो आधी वाचतो आणि पैसे चॅनेलच्या खात्यात जातात. भांडण जितकं पेटेल तितकी त्यांची कमाई. तुझी फी म्हणजे मनस्ताप.

पण नुसतं ‘येत नाही’ म्हटलंस तर पळाली म्हणतील, आणि तुला ते झोंबेल हे मला तुझ्या पत्रावरून कळतंय. म्हणून अटी घाल. याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. जयंत नारळीकरांनी २००८ च्या सुमारास फलज्योतिषाची चाचणी घेतली, त्यात नरेंद्र दाभोलकरही होते. ‘ज्योतिष खरं की खोटं’ असा जाहीर सामना लावला असता तर गर्दी लोटली असती, पण हाती काय लागलं असतं? त्यांनी हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या जमवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली हे लपवून प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली २७ जणांनी, आणि बरोबर आलं ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण ५० आलं असतं. आरडाओरडा नाही की कोणाला मूर्ख म्हणणं नाही. काय झालं तर बरोबर आणि काय झालं तर चूक, हे आधी ठरवलं, मग कामाला लागले.

तुला कुंडल्या लागणार नाहीत. त्या चॅनेलला असं लिही: ‘निमंत्रणाबद्दल धन्यवाद. लाइव्ह येणार नाही, रेकॉर्ड करून जरूर येईन. आधी आपण दोघांनी लेखी द्यायचं: विमान कोणत्या तारखेला उडालं, त्यात माणूस होता की नव्हता, आणि आपल्यासमोर नेमकं काय आलं तर आपण आपलं मत बदलू. माझ्यापुरतं सांगते: १८९५ मधल्या कुठल्याही वृत्तपत्राचा, त्या उड्डाणाचा वृत्तान्त असलेला मूळ अंक दाखवा, मी पुन्हा व्हिडिओ करीन आणि तसं सांगेन. बोलायला दोघांना सारखा वेळ, सुपरचॅट बंद, आणि न कापता दोन्ही चॅनेलवर.’ हे लिहून गप्प बस. हो आलं तर जा आणि मजेत बोल. असा माणूस भेटला तर तो जपून ठेवण्यासारखा. नाही आलं तर तुझं पत्र तुझ्या चॅनेलवर टाक, त्यावर एक अक्षरही जास्त लिहू नकोस.

राहिले प्राचार्य. व्हिडिओ काढू नकोस, पण त्यांच्यावर उखडूही नकोस. त्यांना पालकांचे फोन येतात, संस्थाचालकांचेही येत असणार. राज्यघटनेतलं वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कलम त्यांच्या टेबलावर आपटायला जाऊ नकोस. तुझ्या कमेंटमध्ये ते दर दहा ओळींनी कोणी ना कोणी आपटतंच, आणि त्याच कलमात मानवतावादही लिहिलाय हे विसरतं. व्हिडिओच्या सुरुवातीला तू कॉलेजचं नाव घेतेस. त्याची काही गरज नव्हती, आणि त्या धमकीवाल्याला पत्ताही तिथूनच मिळाला असणार. यूट्यूबच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापता येतो, व्हिडिओची लिंक तीच राहते. तो काप, आणि मग त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांग: कॉलेजचं नाव काढलंय, फोटोवरचं नाक काढलंय, एक चूक होती ती दुरुस्त केलीय, बाकी व्हिडिओ राहील. कोणा पालकांना बोलायचं असेल तर शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर मी लॅबमध्ये असते, त्यांना माझ्याकडे पाठवा. तरीही काढाच म्हणाले, तर ते लेखी द्या म्हणावं.